फिल्ममधलं शहाळं

टीव्ही आला तेव्हा त्याला हार घातला. पेशंटांना नाही घातला. पेशंट काय, रोजचेच. आठवड्यातून तीनदा येतात, चार-चार तास मशीनला जोडून पडतात, रक्त धुऊन घरी जातात. टीव्ही मात्र त्या धर्मादाय दवाखान्याच्या डायलिसिस वॉर्डात पहिल्यांदाच येत होता, आणि आला तोही चांगला दाराएवढा. ट्रस्टीसाहेबांनी रिमोटचं बटण दाबलं, तसा पडद्यावर सूर्य उगवला, बासरी वाजली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या एका हातात सुया खुपसलेल्या होत्या त्यांनी दुसरा हात मांडीवर वाजवला.

आनंदीनंही वाजवल्या. तिचा नवरा दगा खिडकीजवळच्या तिसऱ्या खाटेवर होता. सुरतेतल्या बमरोलीच्या लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, अठ्ठावीस वर्षं कापड विणून त्यानं अर्ध्या मुलखाला साड्या नेसवल्या होत्या, आणि आता त्याच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं होतं. किडन्यांना कोण नोटीस देणार? आनंदी घरी साड्यांवर चमचमत्या टिक्या चिकटवायची, आणि मंगळ, गुरू, शनी त्याला रिक्षात घालून इथे आणायची. साडीवर टिकी, टिकीवर टिकी, आणि मधेमधे ओठांवर एखादी ओळ. आईकडून तिला दागिने आले नव्हते, ओव्या आल्या होत्या.

फिल्म बनवली होती योगेंद्रनं. तो रुग्णशिक्षण विभागाचा प्रमुख. विभागात तो एकटाच होता, त्यामुळे प्रमुखपदासाठी फारशी चुरस झाली नव्हती. गळ्यात कायम हेडफोन, तोंडात कायम 'कन्टेन्ट'. त्यानं चित्र एकदाच काढलं आणि त्यावर तीन भाषांचे आवाज चढवले, गुजराती, हिंदी आणि मराठी. मराठी आवाज कुणा दूरच्या बाईंचा होता. लोण्यात बुडवून काढलेला.

"मूत्रपिंडविकारग्रस्त व्यक्तींनी," बाई म्हणाल्या, "पालाशयुक्त आहार कटाक्षाने वर्ज्य करावा."

दगानं मान वळवून शेजारच्या खाटेवरच्या पंडितला विचारलं, "पालाश म्हणजे ते खतच ना? उसाला टाकतात ते?"

"तेच."

"मग आपण कुठे खत खातो?"

"तुमचं माहीत नाही," पंडित म्हणाला. "आमच्या घरची दुधीची भाजी तुम्ही चाखली नाही अजून."

पण खरं तर बाई काय म्हणतात याच्याशी वॉर्डाला देणंघेणं नव्हतं. अर्धा वॉर्ड लूमच्या खात्यातून आलेला. तीस-तीस वर्षं त्या खटखटीत उभं राहून या लोकांचे कान कापसासारखे झालेले. घरात बायकोनं हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि हे ते दुखणं मानत नाहीत, सोय मानतात. त्यात मशीनची टिवटिव. आवाज गेला वाऱ्यावर, उरलं चित्र.

आणि चित्र काय देखणं होतं! साईच्या रंगाचा सोफा. त्यावर पांढऱ्या सदऱ्यातला पेशंट, इतका तुकतुकीत की त्याला आजार असलाच तर सुखाचा असावा. शेजारी इस्त्रीच्या साडीतली बायको, जिला रडूही इस्त्री करूनच येत असणार. आणि समोरच्या काचेच्या टेबलावर फळांची परडी. पिवळी केळी, गोल संत्री, आणि मधोमध हिरवंगार शहाळं, त्यात नळी, नळीवर गुलाबी कागदाची इवलीशी छत्री. शेवटी पेशंटचा भाऊ दारातून हसत यायचा, सगळे त्या टेबलाभोवती बसायचे, आणि अक्षरं उमटायची, 'आप्तांच्या साथीने, आनंदाने जगा.'

आनंदी त्या शहाळ्याकडे बघतच राहिली. कारण डायलिसिस सुरू झालं त्याच दिवशी मंगलासिस्टरनी तिला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "केळं नाही, संत्रं नाही, आणि शहाळं तर दाराच्या आत आणायचं नाही. किडनी नसलेल्या माणसाला त्यातला क्षार बाहेर टाकता येत नाही. तो साचतो आणि थेट काळीज बंद पाडतो. कळलं?" बासरी वाजली नव्हती, सूर्य उगवला नव्हता, पण आनंदीला कळलं होतं.

ती योगेंद्रकडे गेली. "भाऊ, ते शहाळं चालत नाही ना यांना?"

"नाहीच चालत, मावशी."

"मग ते तिथं टेबलावर का ठेवलंय?"

योगेंद्र हसला. अडाण्यावर दया करताना शिकलेले लोक हसतात तसा. "ते पिण्यासाठी नाही, मावशी. ते फ्रेमसाठी आहे. टेबल मोकळं दिसत होतं."

मग त्यानं तिच्यापुढे पाटीसारखा टॅब धरला. पडद्यावर दोन चेहरे. फिल्म समजली असेल तर हसरा चेहरा दाबायचा, नसेल समजली तर रडका. आता घरात नवरा आजारी, घरभाडं थकलेलं, आणि वर दवाखान्यात येऊन आपल्या बोटानं रडका चेहरा कोण दाबणार? आनंदीनं हसरा दाबला. सगळ्यांनीच हसरा दाबला. वॉर्डाची समज शंभर टक्के निघाली आणि त्याचा रंगीत आलेख लगेच नोटीसबोर्डावर लागला.

"आता फोन द्या," योगेंद्र म्हणाला. "नातेवाईक-जागृती अभियान आहे." त्यानं तिच्या फोनमधल्या त्रेचाळीस नंबरांवर एका दमात फिल्म पाठवून दिली. त्यात गॅसवाला होता, टिक्यांचा शेठ होता, आणि बारडोलीचे छगनदादाही होते.

छगन म्हणजे दगाचा थोरला भाऊ, आनंदीचा जेठ. बारडोलीच्या साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर उभं राहून त्याचे केस पिकले होते. बाप गेला तेव्हा दगा सहा वर्षांचा. छगननंच त्याला खानदेशातून कडेवर घेऊन या मुलखात आणलं, भाकर दिली, खात्यात चिकटवलं, लग्न लावलं. त्या लग्नापासून आजतागायत आनंदीनं जेठाशी समोरासमोर एक शब्द काढला नव्हता. त्यांच्यात तशी रीतच. जेठ आला की पदर कपाळापर्यंत ओढायचा, चहा ठेवायचा, आणि काही सांगायचंच असेल तर दाराला सांगायचं. "दादा जेवून जातील का, भाजी चढवते," असं दाराच्या चौकटीकडे बघून म्हणायचं. ज्याला ऐकायचं असेल त्यानं ऐकावं. नसेल ऐकायचं तर ते दाराचं बोलणं, त्याला काय उत्तर द्यायचं. अशी ही रीत मोठी सोयीची होती, फक्त सोय कुणाची हे कुणी विचारत नव्हतं. आनंदी टिक्या चिकटवता चिकटवता कधी गुणगुणायची,

जेठ आले दारी, माझा पदर कपाळी
शब्द अडकला ओठात, बाई, जशी सुई साडीतळी.

रविवारी छगन घरी आला. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जाणं म्हणजे त्याला मेलेला धरणं, अशा मताचा माणूस. दोन्ही हातांत पिशव्या, पिशव्यांत सहा शहाळी, गाडीवाल्यानं वरून तासून दिलेली. वर नळ्याही मोजून सहा. सुरतेत याला तरोफा म्हणतात, आणि इथे कुणाला शिंक आली तरी शेजारी तरोफा घेऊन येतात.

"कसा शे रे दगा?"

"बरा शे, दादा." बरा असलेल्या दगाला उठून बसायला दोन दम लागले.

"हाई पी ले. ताकद येई."

स्वयंपाकाच्या ओट्याशी आनंदीच्या हातातली बशी थांबली. तिनं पदर ओढला, दाराकडे तोंड केलं आणि म्हणाली, "सिस्टर म्हणत होत्या, यांना शहाळ्याचं पाणी द्यायचं नाही."

दार काही बोललं नाही. छगननं शहाळ्यात नळी खुपसली.

तिनं जरा मोठ्यानं सांगितलं, "काळजाला धोका असतो म्हणे."

आता छगन हसला, पण भावाकडे बघून, बायकांना काय कळतं अशा थाटात. खिशातून फोन काढला. "बायास्ले काय कये? दख, दवाखानानीच फिल्म शे. याम्हा दखाडेल शे." आणि खरंच, फोनवर बासरी वाजली, साईच्या रंगाचा सोफा आला, परडी आली, छत्री आली, हसरा भाऊ दारातून आला. छगननं पडद्यावरच्या त्या भावाकडे बोट दाखवलं. आपण करतोय ते बरोबर आहे हे माणसाला एवढ्या मोठ्या दवाखान्यानं सांगावं, याहून त्याला आणखी काय हवं? आणि गंमत म्हणजे ही फिल्म त्याला आली होती आनंदीच्याच नंबरावरून.

दगाला दिवसाला मोजून चार पेले पाणी. घसा कायम उन्हाळ्यातल्या विहिरीसारखा. त्यानं एका दमात एक शहाळं रिकामं केलं, मग दुसरं. "अमृत शे, दादा," तो म्हणाला, आणि आनंदीनं ओट्याशी उभ्या उभ्या दाताखाली पदर दाबला. शब्द तोंडात होता. पुरा होता, नीट रांगेत होता. पण त्याला बाहेर यायला छगनच्या डोळ्यांसमोरून यावं लागलं असतं.

सोमवारी दुपारी दगा संडासातून येताना भिंतीला टेकला आणि खाली बसला. पाय उचलेनात. "पायात कापूस भरलाय," तो म्हणाला. ओठ निळसर. आनंदीनं आणि शेजारणीनं मिळून त्याला रिक्षात घातलं. दवाखान्यात छातीला वायरी लावल्या, तर काळजाचा ठोका असा अडखळत चालला होता, जसं धागा तुटलेलं लूम. हातात इंजेक्शन गेलं, तातडीनं मशीन जोडलं. पुरे साडेतीन तास आनंदी बाकावर बसून त्या मशीनमध्ये फिरणाऱ्या लाल नळीकडे बघत होती. नळी फिरतेय तोवर तो आहे.

दगा वाचला. मग डॉक्टरीणबाई तिच्यावर बरसल्या. "नारळपाणी पाजलंत? दोन नारळ? शनिवारनंतर मंगळवारपर्यंत मशीन नसतं, त्यातच पाजायचं सुचलं? अहो, इतकी फिल्म दाखवतो आम्ही!"

योगेंद्रही आला. त्यानं टॅब उघडला आणि जड अंतःकरणानं पुरावा काढला. "मावशी, हे बघा. सोळा तारीख. इथे तुमचा हसरा चेहरा आहे."

"तुमच्या फिल्ममध्येच शहाळं आहे," आनंदी म्हणाली.

"पण आवाजात वर्ज्य म्हटलंय."

"आवाज कोण ऐकतं? खात्यातले आहेत सगळे."

हे मात्र योगेंद्रला लागलं. तो जातीचा कलावंत होता. फिल्म काढून टाकता येणार नव्हती, कारण ती राज्यपातळीवरच्या स्पर्धेत पाठवली होती. नव्यानं शूट करायचं तर समिती बसायला हवी, आणि समिती दिवाळीनंतर बसणार होती. पण चूक लक्षात आल्यावर स्वस्थ बसेल तो योगेंद्र कसला! दोनच दिवसांत त्यानं उपाय केला. पडद्यावर परडी आली की खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक पट्टी सरकू लागली, 'दृश्यातील नारळ प्रतीकात्मक आहे.'

शनिवारी दगा पुन्हा तिसऱ्या खाटेवर होता. डाव्या हातात सुया, मशीन टिवटिवतंय, समोर टीव्ही. घामानं डवरलेला छगन वॉर्डात शिरला. भाऊ पडला, पायांतलं बळ गेलं, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. बळ गेलं तर बळ आणायला नको? त्याच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत चार शहाळी. या वेळी मोठी.

"काय व्हयनं रे तुले?" साठ वर्षांच्या माणसानं लहान भावाच्या कपाळावरून हात फिरवला. "हाई पी ले पहिले." त्यानं नळी खुपसली आणि शहाळं दगाच्या तोंडाशी नेलं. दगाचा मोकळा हात आपोआप वर आला. तहान भावाचं ऐकते, सिस्टरचं नाही.

आनंदीनं पदर ओढला आणि दार शोधलं. दार वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होतं. जवळ होतं ते मशीन. ती मशीनला म्हणाली, "ते देऊ नका, मागल्या खेपेला त्यानंच झालं."

मशीन टिवटिवलं. छगननं नळी दगाच्या ओठांना लावली.

मग काय झालं ते पंडित पुढे कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होता, आणि दर वेळी थोडं वाढवून. झालं एवढंच की आनंदी दोघांच्या मध्ये आली आणि तिनं दोन्ही हातांनी शहाळं धरलं. दोन्ही हात गुंतले, त्यामुळे पदर सावरायला हात उरला नाही. तो घसरला आणि खांद्यावर आला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा जेठानं तिचा चेहरा उजेडात पाहिला.

"दादा, हाई पाजं तर तुम्हना भाऊ मरी जाई."

बहिऱ्यांनासुद्धा ऐकू गेलं.

छगन तिच्याकडे नाही, टीव्हीकडे बघू लागला. तिथे नेमकी परडी आली होती. "मंग हाऊ कसा...?" त्यानं तुकतुकीत पेशंटाकडे बोट केलं.

"तो आजारी नही, दादा. नट शे तो. दिवसभर आजारी राह्यना, आनि सांजले घर गया."

छगनची नजर पडद्यावरून खाटेवर आली. खाटेवर सांजेला आजार काढून ठेवता न येणारा माणूस पडला होता. गालफडं बसलेली, हातावर शिरांचा गाठाळ दोर उठलेला. ही दोन चित्रं त्यानं एकाजवळ एक पहिल्यांदाच ठेवून पाहिली असावीत. त्यानं शहाळं सोडलं.

"मंग आधी का नही सांगं?" तो म्हणाला, आणि तेही सरळ तिला.

"सांगं व्हतं. दारले."

"दारनी मले काहीच सांगं नही," छगन पुटपुटला. पंडितला खोकल्याची ढास आली आणि ती बराच वेळ थांबली नाही.

एवढ्यात योगेंद्र धावत आला. हातात फोन वर धरलेला, डोळे चमकत होते. "मावशी, कमाल! एकदम रिअल! फक्त शेवटचं मिळालं मला. परत एकदा घेऊ या? तो पदर आधी डोक्यावर घ्या, मग हळूच पडू द्या. काका, तुम्ही नारळ जरा कॅमेऱ्याकडे धरा, लेबल... नाही, लेबल नाही, बरं."

आनंदीनं त्याच्या हातात शहाळं ठेवलं. मग दुसरं, तिसरं आणि चौथं, आणि रिकामी पिशवी त्याच्या मनगटाला अडकवली. "हे तुमच्या फ्रेमसाठी," ती म्हणाली. योगेंद्र ओंजळीत तोल सांभाळत उभा राहिला. फोन कुठे धरावा ते त्याला कळेना.

दगा रुसला. रिक्षात तोंड बाहेर करून बसला. "दादाच्या तोंडावर बोललीस. चार माणसांत." रविवारी रुसला, सोमवारी रुसला, मंगळवारी मशीनवर चार तास रुसला. आनंदी त्याच्या मनगटावर बोट ठेवून बसायची. खाली नाडी नीट चालली होती, टिक, टिक, एका धाग्यात. रुसवा बिनघोर चालू दे, असं तिला वाटायचं, अजून वीस वर्षं चालू दे.

शुक्रवारी फोन वाजला. बारडोलीचा नंबर. इतकी वर्षं छगन "दगाले दे" एवढंच म्हणायचा. आज दोन्हीकडून नुसता श्वास ऐकू आला.

"मी बोलतेय," आनंदी म्हणाली.

"हां. परवा येस मी. केळं चालस का?"

"नाही, दादा."

"चिकू?"

"नाही."

"फणसना गर? सुकामेवा? घरना गूळ शे, नवा..."

"गुळानंही क्षार साचतो म्हणतात."

"मंग मी काय लई येऊ?"

"काही नको. तुम्ही या. रिकामे या."

माणूस वजनकाट्यावर आयुष्य काढतो, ट्रकभर ऊस भरून येताना बघतो आणि रिकामा जाताना बघतो, आणि त्याला कुणी म्हणतं, भाऊ आजारी आहे, रिकामा ये. "बरं," छगन शेवटी म्हणाला.

रविवारी तो आला. दारातच घुटमळला. त्याच्या दोन्ही हातांना काय करावं ते कळत नव्हतं. एकदा ते खिशात गेले, एकदा पाठीमागे, एकदा टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवून आले. मग तो खाटेच्या पायथ्याशी बसला आणि हात मांडीवर ठेवले, कुणाचे तरी सांभाळायला घेतल्यासारखे.

आनंदीनं त्याच्याकडे बघून विचारलं, "चहा ठेवू, दादा?"

"ठेव. अर्धा," तो म्हणाला. "तो नही पित तर मी तरी पुरा कसा पिऊ?"

दगा अजून रुसलेलाच होता, म्हणून भिंतीकडे तोंड करून पडला होता. तेवढ्यात त्याच्या पोटरीत गोळा आला, मशीननंतर यायचा तसा, आणि तो कळवळला. छगनचे हात मांडीवरून उठले. थोरल्यानं धाकट्याच्या पायाला हात लावायचा नसतो, पण हात रिकामे होते आणि जवळ होते. त्यानं पोटरी दोन्ही पंजांत धरली आणि वरून खाली चोळायला लागला, हळूहळू, मळलेली कणीक सैल करावी तशी.

"दादा, राहू द्या," दगा म्हणाला.

"गप पड," छगन म्हणाला. "याले तरी काही वर्ज्य नही ना, आनंदी?"

"नाही," ती म्हणाली. "हे चालतं."